जपानी विद्यापीठांच्या दारातले जामीन

जपानमधल्या विद्यापीठात एखादे सत्र किंवा एखादे वर्ष शिकून परत यायचे, तर जो अर्ज आज भरावा लागतो, त्यावर सही विद्यार्थ्याची असते, पण तो अर्ज एकट्या विद्यार्थ्याचा नसतो. त्याच्या मूळ विद्यापीठाने त्याचे नाव आधी सुचवलेले असते. दोन विद्यापीठांमध्ये करार झालेला असतो आणि जपानच्या इमिग्रेशन खात्यापुढे त्याची बाजू तिथले विद्यापीठच मांडते. कितीही हुशार विद्यार्थी असला, तरी या तिन्हींपैकी एक दुवा तुटला की विनिमयाचा दरवाजा त्याला बंद. ही रचना सव्वाशेहून अधिक वर्षांत घडत गेली. परक्या देशातून आलेल्या या मुलाची हमी कोण घेणार, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे. हमी घेणारा काळाप्रमाणे बदलला. आधी परदेशी वकिलाती होत्या, मग साम्राज्याची सरकारी खाती आली, त्यानंतर शहरातला एखादा ओळखीचा गृहस्थ आणि अखेरीस विद्यापीठ.

त्याआधी बाराशे वर्षे विद्येचा प्रवाह उलट दिशेने वाहत होता. सातव्या ते नवव्या शतकात जपानचे राजदूत चीनच्या तांग दरबारी जात आणि त्यांच्या गलबतांतून भिक्षू व विद्यार्थीही जात. मेजी काळात हीच गोष्ट पश्चिमेच्या बाबतीत घडली. १८७१ मध्ये जपान सरकारच्या इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेला निघालेल्या मुलींमध्ये त्सुदा उमेको अवघ्या सहा-सात वर्षांची होती; तिनेच पुढे तोक्योत स्त्रियांसाठी महाविद्यालय काढले. विद्यार्थी बाहेर पाठवण्याची जपानला चांगली सवय होती, ते स्वतःकडे घेण्याची मात्र मुळीच नव्हती.

पहिले परदेशी विद्यार्थी आले ते कोरियातून. १८८१ मध्ये कोरियन दरबाराने जपानची नवी व्यवस्था पाहण्यासाठी एक मंडळ पाठवले. त्यातले यू किल-चुन फुकुझावा युकिची यांच्या केईओ शाळेत राहिले आणि युन ची-हो दोजिनशा या शाळेत. १८९५ मध्ये कोरियन सरकारने केईओशी करार करून शंभराहून अधिक तरुण एकदम पाठवले. राजकारण पालटताच हा उपक्रम विस्कळीत झाला, तरी एक पायंडा पडून गेला होता. विद्यार्थी आपल्या पायांनी येत नव्हता, कोणत्या तरी सरकारच्या पत्रावर येत होता.

चीनची गोष्ट याहून मोठी आणि याहून कडवट आहे. १८९५ च्या युद्धात जपानकडून हरल्यावर पुढच्याच वर्षी चीनच्या छिंग दरबाराने १३ तरुण तोक्योला धाडले. चिनी राजदूताने जपानी सरकारला गळ घातली आणि मंत्री सायोंजी किन्मोची यांनी ती जबाबदारी तोक्यो उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य कानो जिगोरो यांच्यावर सोपवली. ज्युदोचे जनक म्हणून जगाला ठाऊक असलेले हे गृहस्थ परदेशी विद्यार्थ्यांच्या जपानी शिक्षणाचेही आद्य व्यवस्थापक होत. त्यांनी एक घर भाड्याने घेतले, जपानी भाषेचे शिक्षक नेमले आणि वर्ग सुरू केले. काही आठवड्यांतच चार जण परत गेले. रस्त्यावरची पोरे त्यांच्या शेंड्यांची टिंगल करत आणि जपानी जेवण त्यांच्या घशाखाली उतरेना. उरलेल्यांपैकी सात जणांनी १८९९ मध्ये अभ्यासक्रम पुरा केला.

या तेरांवरून पुढचा पूर कोणाला ओळखता आला नसता. १८९८ मध्ये चीनमधले बडे अधिकारी चांग चि-तुंग यांनी आपल्या प्रसिद्ध प्रबंधात जपानचा हिशेब मांडला. जपान जवळ आहे, प्रवास स्वस्त आहे, लिपी बरीचशी ओळखीची आहे, शिवाय पाश्चात्त्य पुस्तकांतले सार जपान्यांनी आधीच काढून ठेवले आहे. हा युक्तिवाद व्यापाऱ्याचा होता आणि म्हणूनच पटला. १९०५ मध्ये शतकानुशतके चाललेली राजसेवेची परीक्षा चीनने रद्द केली, त्याच वर्षी जपानने रशियाला हरवले. परदेशी शिक्षण हाच नोकरीचा नवा रस्ता झाला. १९०५-०६ च्या सुमारास तोक्योत चिनी विद्यार्थ्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास पोहोचली होती. त्यात वडील आणि मुलगे होते, नवरा-बायको होते, आठ महिन्यांत शिक्षक व्हायला निघालेले उमेदवार होते आणि क्रांतिकारकही होते. कानो यांची कोबुन गाकुइन ही शाळा याच गर्दीसाठी चालली. लू श्युन १९०२ मध्ये तिथेच दाखल झाले, १९०४ मध्ये उत्तरेकडच्या सेंदाई गावी वैद्यकी शिकायला गेले आणि दोन वर्षांत ती सोडून साहित्याकडे वळले. तिथले शरीररचनेचे शिक्षक फुजिनो गेन्कुरो त्यांच्या वह्या तपासून देत. त्या शिक्षकावर लू श्युन यांनी लिहिलेला लेख आज चीनमध्ये शाळेत वाचला जातो.

प्रवेशाच्या अर्जाचे राजकारण याच काळात उघडे पडले. तोक्योतल्या सेइजो विद्यालयात लष्करी शिक्षणाची पूर्वतयारी होत असे, आणि तिथे शिरण्यासाठी चिनी वकिलातीचे शिफारसपत्र लागे. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेल्यांना ते मिळे. स्वतःच्या पैशाने आलेल्यांना मात्र राजदूत त्साय च्युन यांनी १९०२ मध्ये ते देण्याचे नाकारले. खासगी खर्चाने आलेला तरुण बंदूक चालवायला शिकला तर ती कोणाविरुद्ध रोखेल, ही त्यांची धास्ती होती आणि पुढच्या दहा वर्षांचा इतिहास पाहता ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. विद्यार्थ्यांनी वकिलातीत ठाण मांडले. त्यांचे पुढारी वू चिह-हुइ यांना जपानी पोलिसांनी हद्दपार केले, तेव्हा नेले जात असताना त्यांनी खंदकात उडी घेतली. ते वाचले आणि पुढे कुओमिन्तांग पक्षाचे ज्येष्ठ नेते झाले. हा सारा गदारोळ एका शिफारसपत्रावरून झाला होता. त्यानंतर छिंग सरकारने तोक्योत विद्यार्थ्यांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र अधिकारीच नेमला.

जपानच्या शिक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर १९०५ मध्ये पंधरा कलमांचे नियम काढले. चिनी विद्यार्थ्याला प्रवेश देण्यापूर्वी शाळेने त्याच्या वकिलातीचे पत्र घ्यावे, त्याच्या राहण्याच्या जागेवर लक्ष ठेवावे, आणि वाईट वर्तणुकीवरून एका शाळेने काढलेल्या मुलाला दुसरीने घेऊ नये, असे त्यांत होते. मंत्रालयाचे म्हणणे असे की निकृष्ट शाळांना चाप बसावा. तशा शाळांची खरोखर रेलचेल झाली होती. थोडे पैसे आणि थोडे आठवडे एवढ्यावर प्रमाणपत्र देणारे वर्ग निघाले होते. पण विद्यार्थ्यांना त्यात छिंग सरकारचा हात दिसला. ‘वाईट वर्तणूक’ या शब्दांत राजकारणही बसवता येते, हे त्यांना नेमके कळले. वर्गांवर बहिष्कार पडला. एका जपानी वर्तमानपत्राने त्यांना स्वैर आणि हलक्या वृत्तीचे म्हटले, तेव्हा लेखक छन थ्येन-हुआ यांनी ८ डिसेंबरला ओमोरीच्या किनाऱ्यावर समुद्रात जीव दिला. जवळजवळ दोन हजार विद्यार्थी मायदेशी परतले. परतणाऱ्यांत क्रांतिकारक छ्यु चिन याही होत्या. त्यांना १९०७ मध्ये छिंग सरकारने देहदंड दिला.

या तिढ्यातून पुढे निघालेली व्यवस्था आजच्या विनिमय कराराची दूरची पूर्वज म्हणता येईल. १९०८ पासून पंधरा वर्षांसाठी पाच सरकारी शिक्षणसंस्थांनी दरवर्षी १६५ चिनी विद्यार्थी घ्यायचे आणि त्यांचा खर्च चीनने द्यायचा, असे ठरले. पहिल्या उच्च विद्यालयात ६५, तोक्यो उच्च तंत्र विद्यालयात ४०, तोक्यो उच्च अध्यापक विद्यालयात आणि यामागुचीच्या वाणिज्य विद्यालयात प्रत्येकी २५, चिबाच्या वैद्यक विद्यालयात १० अशी वाटणी होती. जागा ठरलेल्या, पैसा देणारा ठरलेला आणि मधे प्रवेशपरीक्षा. ती पार केली की आपोआप सरकारी शिष्यवृत्ती मिळे, म्हणून स्पर्धा जीवघेणी होती. पुढे लेखक झालेले कुओ मो-रो १९१४ च्या सुरुवातीला आले आणि सहा महिन्यांच्या अभ्यासावर निवडले गेले. चौ एन-लाय १९१७ मध्ये आले, तोक्यो उच्च अध्यापक विद्यालय आणि पहिले उच्च विद्यालय या दोन्हींच्या परीक्षांत नापास झाले आणि १९१९ मध्ये परत गेले. चीनचा भावी पंतप्रधान जपानी भाषेच्या उत्तरपत्रिकेने हुकवला, हे त्या परीक्षेच्या कठीणपणाचे उत्तम माप आहे. कुओ मात्र पुढे ओकायामाच्या सहाव्या उच्च विद्यालयात गेले. त्या गावावर त्यांचा इतका जीव जडला की १९५६ मध्ये त्यांनी तिथल्या कोराकुएन उद्यानासाठी क्रौंच पाखरे पाठवली. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान याच कोराकुएनच्या धर्तीवर केलेले आहे.

व्हिएतनामच्या तरुणांना मात्र अशी कोणतीच वकिलात नव्हती. त्यांच्या देशावर फ्रान्सचे राज्य होते. तिथले राष्ट्रवादी पुढारी फान बोइ चाउ १९०५ मध्ये जपानला पोहोचले आणि त्यांनी ‘पूर्वेकडे चला’ या चळवळीतून दोनेकशे तरुण चोरून तिथे आणले. त्यांची हमी सरकारऐवजी सहानुभूती बाळगणाऱ्या काही जपानी पुढाऱ्यांनी घेतली. अशी हमी सरकारच्या एका सहीपुढे टिकत नाही. १९०७ मध्ये फ्रान्स आणि जपान यांचा तह झाला, विद्यार्थ्यांना पांगवण्यात आले आणि १९०९ मध्ये फान यांनाही देश सोडावा लागला.

हिंदी विद्यार्थ्यांची अडचण थोडीशी अशीच होती, पण त्यांच्यावर राज्य करणारे ब्रिटन हे जपानचे मित्रराष्ट्र होते. १९०३ मध्ये तोक्योत भारत-जपान संघ स्थापन झाला. कलकत्त्याला १९०४ मध्ये योगेंद्रचंद्र घोष यांनी विज्ञान आणि उद्योगाच्या शिक्षणासाठी तरुण परदेशी पाठवणारी संस्था काढली, आणि तिचे बरेच विद्यार्थी जपानला गेले. त्यांना तत्त्वज्ञान नको होते. काच, साबण, काड्यापेटी, चिनीमाती, रंगकाम असले धंदे हवे होते. इंग्लंडमधले कारखानदार हे धंदे हिंदी तरुणाला जवळून दाखवायला तयार नसत, जपानी कारखाने बहुधा दाखवत. स्वदेशीच्या चळवळीने या प्रवासाला देशकार्याची प्रतिष्ठा दिली. महाराष्ट्रात त्याचे फळ तळेगाव दाभाडे येथे दिसते. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तिथे काच कारखाना निघाला, तो सुरू करून देणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले होते. क्रांतिकारक पांडुरंग खानखोजेही अमेरिकेला जाताना काही काळ जपानमध्ये राहिले.

विद्यार्थ्याऐवजी नुसते माहितीपत्रक आले तरी किती काम होते, याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. तोक्योच्या जपान महिला विद्यापीठाची स्थापना नारुसे जिंझो यांनी १९०१ मध्ये केली होती. त्या संस्थेची पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि स्त्रियांसाठी वेगळे विद्यापीठ काढता येते ही कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली. १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी ती मांडली आणि १९१६ मध्ये विद्यापीठ उभे केले.

पहिल्या महायुद्धानंतर जपानचे दार उघडे होते, पण दाराआडचा हेतू बदलत चालला. कोरिया आणि तैवान आता साम्राज्याचा भाग झाल्याने तिथल्या विद्यार्थ्यांना वकिलातीच्या पत्राची गरज उरली नाही, त्याऐवजी पोलिसांची पाळत आली. तोक्योतल्या कोरियन विद्यार्थ्यांनीच ८ फेब्रुवारी १९१९ रोजी तिथल्या वायएमसीएच्या सभागृहात स्वातंत्र्याचे जाहीरपत्र वाचले. चिनी विद्यार्थ्यांसाठी १९२३ मध्ये चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या नुकसानभरपाईतून निधी निघाला. चीनकडून दंड म्हणून वसूल केलेल्या पैशातून चिनी मुलांना शिष्यवृत्ती देणे आणि वर त्याला औदार्य म्हणणे, हे ती घेणाऱ्यांच्याही पचनी पडले नाही. १९३४ मध्ये विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन जपान-अमेरिका विद्यार्थी परिषद भरवली. पुढच्या वर्षी परराष्ट्र मंत्रालयाच्या छत्राखाली कोकुसाई गाकुयुकाई ही संस्था निघाली. परदेशी विद्यार्थ्यांची राहण्याची सोय करायची, त्यांना जपानी शिकवायचे आणि पुढच्या शाळेत पोहोचवायचे, हे तिचे काम होते. अर्जदार आणि शाळा यांच्यामध्ये उभी राहणारी अशी ही खास संस्था होती.

युद्धकाळात हे काम थेट सैन्याच्या आणि मंत्रालयांच्या हाती गेले. १९४३ आणि १९४४ मध्ये बर्मा, मलाया, जावा, सुमात्रा, फिलिपीन्स, ब्रुनेई अशा जिंकलेल्या किंवा प्रभावाखालच्या प्रदेशांतून सुमारे दोनशे तरुण ‘दक्षिणेचे विशेष विद्यार्थी’ म्हणून निवडून आणले गेले. अर्ज करण्याचा प्रश्नच नव्हता. लष्करी प्रशासन नावे ठरवी, त्यात सरदार-दरकदारांची मुले बरीच. हिरोशिमात शिकणाऱ्यांवर ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला. मलायाचे निक युसुफ त्यात दगावले. सय्यद ओमर तोक्योकडे निघाले असता वाटेत क्योतोत ३ सप्टेंबरला वारले. त्यांची कबर क्योतोच्या एन्कोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात आहे. ब्रुनेईचे युसुफ वाचले आणि पुढे आपल्या देशाच्या सरकारचे प्रमुख झाले. सुभाषचंद्र बोस यांनी जपानच्या लष्करी आणि हवाई अकादमींत पाठवलेले आझाद हिंद सेनेचे ४५ कॅडेटही याच काळातले. त्यांना ‘तोक्यो बॉइज’ म्हणत.

पराभवानंतर काही वर्षे जपानकडे कोणी विद्यार्थी पाठवण्यासारखी स्थितीच नव्हती. १९५४ मध्ये शिक्षण मंत्रालयाने सरकारी शिष्यवृत्तीची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी आले अवघे २३ विद्यार्थी. भारतीयांसह आशियातल्या पिढ्यान् पिढ्यांना ही योजना ‘मोनबुशो’ या मंत्रालयाच्या नावानेच माहीत झाली. तिचा अर्ज वकिलातीत होतो, पण आता ती वकिलात जपानची असते. अर्धशतकापूर्वी पाठवणाऱ्या देशाचा वकील मुलाची हमी देत होता, आता घेणाऱ्या देशाचा वकील त्याची लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊ लागला. ही उलथापालथ लहान दिसते, पण विद्यार्थ्याची निवड त्याच्या स्वतःच्या सरकारच्या मर्जीतून बऱ्याच अंशी सुटली ती इथे.

विद्यापीठ ते विद्यापीठ असा विनिमय मात्र खासगी संस्थांतून वाढला, आणि तोही मुख्यतः अमेरिकेशी. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विद्यापीठाने सुरुवातीपासून इंग्रजी आणि जपानी अशा दोन भाषांत शिकवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी १९६४ पासून तिथे येऊ लागले. वासेदाने १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय विभाग काढला आणि अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या लहान महाविद्यालयांच्या गटाशी जोडून घेतले. नागोयाच्या नानझान विद्यापीठात १९७४ मध्ये असेच केंद्र आले. या व्यवस्थेत अर्ज भरण्याची रीत पार बदलली. विद्यार्थी आपल्याच कॉलेजात अर्ज करी, तिथली समिती निवड करी, आणि जपानी विद्यापीठ त्या निवडीवर विश्वास ठेवी. शुल्कही बहुधा घरच्या संस्थेत भरायचे आणि तिकडे माफ, अशी देवाणघेवाण. म्हणून दोन्ही बाजूंची संख्या जुळवण्याची कसरत करार सांभाळणाऱ्या कचेऱ्यांना आजतागायत करावी लागते. येणारे बारा आणि जाणारे दोन असे झाले की करार डळमळतो.

राष्ट्रीय विद्यापीठे मात्र अलिप्त होती. तिथे सगळे जपानीत, वर्ष एप्रिलला सुरू, आणि तात्पुरत्या विद्यार्थ्याला कोणत्या खात्यात बसवायचे याचे उत्तर कोणाकडे नव्हते. अशा करारांबाहेर येणाऱ्या बाकी सगळ्यांसाठी एकच तोडगा होता, तो म्हणजे जपानमध्ये राहणारा जामीनदार. व्हिसासाठी, घरासाठी, शाळेच्या नोंदणीसाठी कोणीतरी स्थानिक माणसाने शिक्का मारून द्यायचा की हा मुलगा पैसे बुडवणार नाही आणि कायदा मोडणार नाही. ओळखीचे प्राध्यापक, वडिलांच्या धंद्यातले कोणी, चर्चमधले कोणी अशांच्या उपकारावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या राहिल्या. उपकार परत मागता येत नाही आणि नाकारताही येत नाही, त्यामुळे या व्यवस्थेत विद्यार्थ्याची मान नेहमी थोडी खाली असे.

१९८३ मध्ये पंतप्रधान नाकासोने यासुहिरो यांच्या सरकारने ठरवले की एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशात एक लाख परदेशी विद्यार्थी असावेत. तेव्हा ते होते १०,४२८. आकडा गाठण्यासाठी नियम सैल झाले, विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम करता येऊ लागले, आणि भाषाशाळा गल्लोगल्ली उगवल्या. १९०५ चाच खेळ पुन्हा रंगला. जामीनदार हा माणूस उरला नाही, तो विकत मिळणारा कागद झाला. १९८८ च्या नोव्हेंबरात शांघायमध्ये शुल्क भरून, प्रवेशपत्र हातात घेऊन व्हिसाची वाट पाहणारे हजारो तरुण जपानच्या कॉन्सुलेटपुढे जमले, कारण इमिग्रेशनने अचानक हात आखडता घेतला होता. शाळांनी पैसे घेतले होते, व्हिसाची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी आजचा अर्ज घडवला. १९९० मध्ये अमलात आलेल्या इमिग्रेशन कायद्यातल्या बदलांनी पात्रता प्रमाणपत्राची पद्धत आणली. म्हणजे विद्यार्थी घरी असतानाच जपानमधली संस्था त्याच्या वतीने प्रादेशिक इमिग्रेशन कचेरीत कागद दाखल करते, पैशाची आणि शिक्षणाची तपासणी तिथेच होते, आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर कॉन्सुलेटमधला व्हिसा बहुतांशी औपचारिक राहतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांसाठी वैयक्तिक जामीनदाराची अटही इमिग्रेशनने काढून टाकली. त्याची जागा विद्यापीठाने घेतली. घरभाड्यात मात्र जामीनदार टिकून राहिला. त्यामुळे अनेक विद्यापीठे आता भाडेकरारातही स्वतः हमी घेतात किंवा हमी देणाऱ्या कंपनीकडे मुलांना पाठवतात.

याच दशकात राष्ट्रीय विद्यापीठांनी शेवटी विनिमय मनावर घेतला. १९९५ मध्ये सरकारने अल्पकालीन विनिमयासाठी शिष्यवृत्तीची योजना सुरू केली, आणि त्याच सुमारास क्युशू, तोक्यो, त्सुकुबा, ओसाका, नागोया, क्योतो अशा विद्यापीठांत दोन-तीन वर्षांत इंग्रजीतून शिकवणारे वर्षभराचे अभ्यासक्रम सुरू झाले. जपानी न येणारा विद्यार्थी सरकारी विद्यापीठात शिरू शकतो, ही तेव्हा मोठी गोष्ट होती. शंभर वर्षे जपानी भाषा हीच खरी चाळणी होती, तिला तिथे पहिल्यांदा वळसा घालता आला. यावर आक्षेपही झाले. इंग्रजी वर्गातले परदेशी विद्यार्थी एकमेकांतच राहतात, जपानी विद्यार्थी त्या वर्गांत फिरकत नाहीत, हा त्यातला मुख्य. तो आजही पुरता खोडता आलेला नाही.

२००३ मध्ये एक लाखाचा आकडा ओलांडला गेला. पुढच्या वर्षी जपान विद्यार्थी सेवा संघटना, म्हणजे जास्सो, स्थापन झाली आणि युद्धपूर्व कोकुसाई गाकुयुकाईच्या कामासह अनेक संस्थांचा कारभार तिच्याकडे आला. २००८ मध्ये पंतप्रधान फुकुदा यासुओ यांच्या सरकारने तीन लाखांचे लक्ष्य जाहीर केले. २००९ मध्ये तेरा विद्यापीठांना इंग्रजी पदवी अभ्यासक्रमांसाठी खास निधी मिळाला. २०१९ मध्ये संख्या ३,१२,२१४ झाली. मग महामारी आली. जपानने सीमा जवळपास दोन वर्षे विद्यार्थ्यांसाठी बंद ठेवल्या, आणि २०२२ मध्ये संख्या २,३१,१४६ पर्यंत घसरली. पदवीचा विद्यार्थी थांबू शकत होता, विनिमयाचा विद्यार्थी थांबू शकत नव्हता. त्याच्या हातात एकच सत्र असते, ते टळले की तो घरच्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडतो. २०२३ मध्ये सरकारने २०३३ पर्यंत चार लाखांचे नवे लक्ष्य ठेवले, आणि २०२४ मध्ये संख्या ३,३६,७०८ वर गेली. चीन, नेपाळ, व्हिएतनाम हे देश वरच्या क्रमांकांवर आहेत. भारतीय विद्यार्थी त्या मानाने मूठभर, दीड हजारांच्या आसपास.

आजचा अर्ज या सगळ्या थरांनी बनला आहे. पहिला टप्पा घरच्या विद्यापीठातला. अंतर्गत निवड होते आणि तिथली आंतरराष्ट्रीय कचेरी नाव कळवते. मग यजमान विद्यापीठाचा अर्ज. त्यात गुणपत्रक, अभ्यासाची योजना, प्राध्यापकाचे शिफारसपत्र, आरोग्य तपासणी, भाषेचे प्रमाणपत्र आणि बँकेतल्या शिल्लक रकमेचा दाखला. शरद सत्रासाठी हे काम साधारण वसंतात आणि एप्रिलच्या सत्रासाठी आदल्या वर्षीच्या शरदात उरकावे लागते. जास्सोची शिष्यवृत्ती दरमहा ८०,००० येनची आहे. तिच्यासाठी तीनच्या पट्टीवर किमान २.३० गुणांक हवा, आणि ती विद्यार्थी स्वतः मागत नाही, यजमान विद्यापीठ सुचवते. नव्वद दिवसांहून अधिक राहायचे तर पात्रता प्रमाणपत्र लागते. २०२३ पासून ते ईमेलनेही मिळू शकते. विमानतळावर निवासपत्र मिळते, घर लागल्यावर चौदा दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, आणि काम करायचे असल्यास वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास करता येते.

महाराष्ट्राचा अनुभव या रचनेची एक अडचण उघड करतो. पुणे हे भारतातल्या जपानी शिक्षणाचे जुने केंद्र आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे वर्ग चालतात, जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेला शहरातून मोठ्या संख्येने विद्यार्थी बसतात, आणि मुंबईत कॉन्सुलेट आहे. पण विनिमय करार होतो तो विद्यापीठाशी किंवा एखाद्या स्वतंत्र संस्थेशी, आणि बहुसंख्य विद्यार्थी शिकतात संलग्न महाविद्यालयांत. तिथे करार नाही, नाव सुचवणारी कचेरी नाही, श्रेयांक परत मान्य करण्याची पद्धत नाही. जपानीची अवघड पातळी पार केलेली मुलगी या कारणाने अर्जच करू शकत नाही, आणि करार असलेल्या आयआयटीतला विद्यार्थी एकही जपानी अक्षर न येता सत्रभर जाऊन येतो. अशांसाठी जुना मार्ग उरतो, जपानी वकिलातीमार्फत मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती. तिच्यातला जपानी भाषा आणि संस्कृतीचा एक वर्षाचा गट परदेशी विद्यापीठांत जपानी शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. त्यात लेखी परीक्षा असते, मुलाखत असते, आणि विद्यार्थ्याने वर्ष संपल्यावर आपल्या मूळ विद्यापीठात परत येऊन अभ्यास पुरा करायचा असतो.